मेंदूंतील गांठ आणि रोग्याची शुश्रूषा

मी वैद्य नाहीं, डॉक्टर तर नाहींच. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, उत्तीर्ण होऊन प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों आणि पस्तीसांहून अधिक वर्षें मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकवून निवृत्त झालों. अशा माणसानें मेंदूच्या असाध्य रोगावर बोलावें हें आपणांस धाडसाचें वाटेल. मलाहि तसेंच वाटतें. परंतु माझा धाकटा भाऊ या रोगानें गेला. चौदा महिने त्याची शुश्रूषा करतांना मीं पुष्कळ पाहिलें, पुष्कळ चुकलों, आणि चुकल्यावर जाणत्या डॉक्टरांस विचारून व मिळेल तें वाचून समजून घेतलें. त्यांतलें जें खात्रीचें वाटलें तेवढेंच आज सांगणार आहें. बोलण्याच्या ओघांत कांहीं औषधांचीं नांवें येतील. तीं आपल्या डॉक्टरांशीं नीट बोलतां यावें म्हणून सांगतों. दुकानांतून आणून आपल्या मतानें देण्यासाठीं नव्हे.

प्रथम या रोगाचें स्थान पाहूं. प्रौढ माणसाचा मेंदू वजनानें साधारण १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. तो कवटीच्या बंद पेटींत बसविलेला असतो. पोटांत गांठ वाढली तर पोट फुगतें, मानेंत वाढली तर मान सुजते. परंतु कवटीला फुगतां येत नाहीं. त्यामुळें आंत सुपारीएवढी गांठ झाली आणि तिच्या भोंवतीं सूज आली, तरी सारा दाब मेंदूवरच येतो. गंमत अशी, कीं मेंदूच्या गराला स्वतःला वेदना कळत नाहीं. दुखतात तीं त्याच्या भोंवतालचीं आवरणें आणि रक्तवाहिन्या. आडवें निजल्यानें हा दाब वाढतो, म्हणून अशा रोग्याचें डोकें पुष्कळदां सकाळीं उठतांच ठणकतें आणि उलटी होते. अर्थात् डोकें दुखलें कीं गांठच, असा धसका कोणीं घेऊं नये. डोकेदुखीचीं कारणें शंभर आहेत, आणि त्यांत हें अगदीं विरळा.

गांठ म्हणजे मरण असेंहि नव्हे. मेंदूच्या आवरणांतून उगवणारी ‘मेनिंजिओमा’ नांवाची गांठ बहुधा सौम्य असते. शस्त्रक्रियेनें ती काढल्यावर माणसें वर्षानुवर्षें आपल्या कामधंद्यांत राहतात. कांहीं गांठी मूळच्या मेंदूच्या नसतातच. फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग रक्तावाटे तेथें जाऊन बसलेला असतो. आणि ज्या गांठी मेंदूच्या स्वतःच्या पेशींतून उठतात त्यांतली सर्वांत दांडगी म्हणजे ‘ग्लिओब्लास्टोमा’. ती मेंदूच्या गरांत मुळ्या पसराव्या तशी पसरते, त्यामुळें शस्त्रवैद्य कितीहि कुशल असला तरी ती निःशेष काढतां येत नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत असें दिसलें, कीं शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड नांवाचें औषध दिलें तर रोग्यांच्या आयुष्याचा मध्यक सुमारें बारा महिन्यांवरून साडेचौदांवर जातो. मध्यक म्हणजे काय, तें वर्गांतल्या भाषेंत सांगतों. मुलांना उंचीप्रमाणें रांगेंत उभें केलें तर अगदीं मधल्या मुलाची जी उंची, तो मध्यक. निम्मीं मुलें त्याहून ठेंगणीं, निम्मीं उंच. तसे निम्मे रोगी त्या काळाआधीं जातात, निम्मे मागाहून. कांहीं थोडे तर पुष्कळ वर्षें काढतात. एकट्या माणसाचें भविष्य या आंकड्यांत लिहिलेलें नसतें, परंतु घरच्यांनीं कोणत्या मापानें दिवस मोजावेत एवढें त्यावरून कळतें.

माझा भाऊ राज्य परिवहनांत वाहतूक नियंत्रक होता. सातारा जिल्ह्यांतल्या एका आगारांत ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारणें हें त्याचें काम. आवाज खणखणीत, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानहि. २०१७ च्या श्रावणांत तो एके दिवशीं पंढरपूरची गाडी पुकारतांना मध्येंच अडखळला आणि कांहीं केल्या पुढच्या थांब्याचें नांव आठवेना. घरीं आल्यावर त्याच रात्रीं त्याला आकडी आली. पुढें तपासण्या झाल्या, मोठ्या शहरांत शस्त्रक्रिया झाली, आणि डाव्या बाजूची ती गांठ ग्लिओब्लास्टोमा ठरली. डॉक्टरांनीं मला आंत बोलावलें आणि विचारलें, “रोग्याला कितपत सांगूं?” मी थोरला भाऊ. मीं क्षणाचाहि विचार न करतां म्हटलें, “त्याला कांहींच सांगूं नका. गांठ काढली, आतां बरा होशील, एवढेंच सांगा.” बाहेर रोग्यांची रांग होती, डॉक्टरांनीं मान हलविली.

परततांना मोटारींत भावानें मला विचारलें, “दादा, किती दिवस?” मीं म्हटलें, “वेडा आहेस का? दिवाळीला कामावर रुजू होशील.” त्यानें खिडकीबाहेर पाहिलें. त्यानंतर तो प्रश्न त्यानें मला पुन्हां कधींच विचारला नाहीं.

मला वाटलें, मीं त्याला सांभाळलें. मीं काय केलें होतें तें कळावयास आठ महिने लागले. पोटाचा किंवा फुफ्फुसाचा कर्करोग झालेला माणूस बहुधा अखेरच्या दिवसांपर्यंत आपलें मन सांगूं शकतो. त्याचें शरीर आधीं खचतें, बुद्धि व वाचा मागाहून. मेंदूच्या गांठींत हा क्रम पुष्कळदां उलटा असतो. हातपाय चालत असतात, भूक लागत असते, चेहरा तोच असतो, आणि ज्याला विचारावयाचें तो माणूस मात्र उत्तर देण्याच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणून इतर असाध्य रोगांत जें बोलणें शेवटच्या महिन्यांत होतें तें या रोगांत पहिल्या महिन्यांत व्हावयास पाहिजे. मेंदूच्या अर्बुदाची चिकित्सा करणाऱ्या युरोपांतील तज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं उपशामक शुश्रूषेसंबंधीं मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतहि रोग्याशीं हें बोलणें लवकर सुरू करण्यावर भर आहे. म्हणजे माझ्या चुकीवरचा उपाय माझ्या चुकीच्याच वर्षीं छापून आलेला होता; माझ्या वाचनांत तो आला नव्हता, इतकेंच.

आतां ‘उपशामक शुश्रूषा’ म्हणजे काय तें सांगतों. इंग्रजींत हिला ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात. ‘पॅलियम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर घ्यावयाचा झगा. आपण शाल म्हणूं. रोग घालवितां येत नसेल तर निदान त्याच्या थंडीवाऱ्यांत रोग्यास उघडा ठेवूं नये, ही ती कल्पना. तिला आधुनिक वैद्यकांत मानाचें स्थान मिळवून दिलें तें सिसिली सॉंडर्स या विदुषीनें. त्या आधीं परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयांत समाजसेविका झाल्या, आणि पुढें वयाच्या चाळिशीजवळ डॉक्टर. १९६७ सालीं लंडनमध्यें त्यांनीं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलें. त्यांचें म्हणणें असें, कीं मरणोन्मुख माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, घरसंसाराची आणि श्रद्धेची वेदना तींत मिसळलेली असते, आणि एकीवर इलाज करून दुसरी सोडून दिली तर पहिलीहि शमत नाहीं. वेदनाशामक औषध रोगी विव्हळेपर्यंत थांबून देऊं नये, घड्याळाच्या कांट्यावर द्यावें, हाहि त्यांचाच आग्रह.

आपल्याकडे ‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द डॉक्टरांनीं उच्चारला कीं घरचे समजतात, आतां हात टेंकले. मीहि तेंच समजलों आणि त्या विभागाची चिठ्ठी तीन महिने खिशांत ठेवली. वस्तुतः ही शुश्रूषा शस्त्रक्रिया, किरण, औषधें यांच्या जोडीनें पहिल्या दिवसापासून चालावयाची असते. अमेरिकेंत बोस्टन येथें फुफ्फुसाच्या पुढें गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमींचे उपचार दिले, निम्म्यांना त्यांच्या जोडीला आरंभापासून उपशामक शुश्रूषा. दुसऱ्या गटांतले रोगी अधिक समाधानानें जगले, आणि मध्यकानें पाहतां अडीच महिन्यांहून अधिक काळ जगले. हा प्रयोग मेंदूच्या रोग्यांवरचा नव्हे, त्यामुळें आयुष्य वाढतें असा दावा मी येथें करीत नाहीं. परंतु या शुश्रूषेचा हात धरला म्हणजे यमाला आमंत्रण दिलें, ही समजूत त्यानें खोटी ठरते.

ही विद्या आपल्या देशांत आहे, आणि मराठी मुलखांतहि आहे. मुंबईस वांद्रें येथें १९८६ सालीं सुरू झालेलें ‘शांति आवेदना’ हें भारतांतील अशा प्रकारचें पहिलें स्थान. त्याची एक शाखा गोव्यांत आहे. पुण्यास वारजें येथें १९९७ पासून सिप्ला कंपनीच्या विश्वस्त निधीनें चालविलेलें केंद्र आहे. टाटा स्मारक रुग्णालयांत २०१२ पासून या विषयाचें पदव्युत्तर शिक्षणहि मिळतें. तथापि खरें नवल केरळांत घडलें. १९९३ सालीं कालिकत येथें कांहीं डॉक्टरांनीं एक मंडळ स्थापलें आणि पुढें गांवोगांवच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच शुश्रूषेचें शिक्षण दिलें. तेथें आळी आपल्या रोग्याची वांटणी करून घेते. एक जण जखम धुण्यास येतो, दुसरा औषध आणतो, तिसरा नुसता गप्पा मारावयास. आपल्याकडे लग्नाला आणि मर्तिकाला जी माणसें धांवतात तीं मधल्या चौदा महिन्यांत कोठें असतात, असा प्रश्न मला तेव्हां पुष्कळदां पडे.

आतां घरांतल्या गोष्टी.

मेंदूच्या सुजेवर मोठें औषध म्हणजे डेक्सामेथासोन. १९६१ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतल्या डॉक्टरांनीं मेंदूच्या गांठीच्या सुजेवर त्याचा गुण दाखविला, आणि तेव्हांपासून आजतागायत तें टिकून आहे. गुण इतका कीं काल गुंगींत पडलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं उठून चहा मागतो. घरच्यांना वाटतें, उतार पडला. उतार सुजेला पडलेला असतो, गांठीला नव्हे. आणि या मित्राची मैत्री स्वस्त नाहीं: चेहरा सुजून वाटोळा होतो, रक्तांतली साखर वाढते, मांड्यांतलें बळ जाऊन माणसाला पाटावरून उठवत नाहीं, तोंडांत पांढरा थर धरतो, आणि झोंप उडते. म्हणून तें सकाळीं, पोटांत कांहीं अन्न असतांना देतात. दिवसांतून दोनदां असेल तर दुसरी मात्रा दुपारनंतर ठेवीत नाहींत. डॉक्टर कमींत कमी मात्रा साधण्याचा प्रयत्न करतात. मात्र कोणत्याहि परिस्थितींत तें एकाएकीं बंद करूं नये. आमच्या एका नातेवाइकानें कोणाच्या तरी सांगण्यावरून ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून गोळ्या लपविल्या होत्या. चौथ्या दिवशीं भाऊ डोळे उघडीना.

दुसरी गोष्ट आकडीची. आमच्याकडे आकडी आली कीं कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी वहाण हुंगवितो, आणि दांतखीळ बसूं नये म्हणून कोणी तोंडांत चमचा घालतो. मीं चमचा घातला. त्याचा पुढचा एक दांत कायमचा हलला. आकडी आपल्या वेळेनेंच थांबली. करावयाचें तें इतकेंच: रोग्यास कुशीवर वळवावें, गळ्याशीं कांहीं आवळलेलें असेल तर सैल करावें, आजूबाजूच्या टणक वस्तु दूर साराव्या, तोंडांत पाण्याचा थेंबहि घालूं नये, आणि घड्याळाकडे पाहावें. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत थांबतात. पांच मिनिटांवर गेली तर ती आपत्ति समजावी. अशा प्रसंगासाठीं मिडॅझोलाम या औषधाचा नाकांत मारावयाचा फवारा मिळतो. तो डॉक्टरांनीं लिहून दिला असेल तर घरांत सर्वांना ठाऊक असलेल्या जागीं ठेवावा आणि कसा वापरावा तें आधींच शिकून घ्यावें. आकडीच्या रोजच्या गोळ्या चुकवूं नयेत. पुढें रोग्यास गिळतां येईनासें होतें, तेव्हां या गोळ्यांचें काय करावयाचें, हा प्रश्न गिळणें बंद पडण्याच्या आधीं डॉक्टरांस विचारून ठेवावा. मागाहून मध्यरात्रीं विचारावयास कोणी भेटत नाहीं.

गिळण्याचें म्हणाल तर ठसका लागावयाचा तो बहुधा घट्ट अन्नानें नव्हे, पातळ पाण्यानेंच. पाणी घशांतून भरकन् खालीं जातें आणि रोग्याच्या मंद झालेल्या स्नायूंना श्वासनलिकेचें झांकण वेळेवर लावतां येत नाहीं. म्हणून ज्वारीची दाटसर पेज, मऊ खिमटी, दही यांवर आमचें भागूं लागलें. रोग्यास ताठ बसवून, हनुवटी किंचित् खालीं घेऊन, लहान चमच्यानें, एक घास पोटांत गेल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. आणि जेवणानंतर अर्धा तास तसेंच बसवावयाचें. माझी धाकटी भावजय या कामीं जो धीर धरी तो पस्तीस वर्षें मास्तरकी करूनहि मला जमला नसता.

तिला सर्वांत कठीण गेलें तें निराळेंच. मेंदूच्या पुढच्या भागावर दाब आला कीं माणसाचा स्वभाव पालटतो. ज्या भावानें उभ्या जन्मांत तिला ‘अरेतुरे’पलीकडे कठोर शब्द बोलला नाहीं, तो तिच्या अंगावर ताट भिरकावूं लागला, पाहुण्यांदेखत नको तें बोलूं लागला. कांहीं भाग गांठीचा, कांहीं त्या औषधांचाहि. “हें ते बोलत नाहींत, आजार बोलतो,” असें डॉक्टरांनीं तिला समजावून सांगितलें त्या दिवशीं ती प्रथमच मोकळेपणानें रडली. हें वाक्य तिला आम्हीं घरच्यांनीं सांगावयास हवें होतें. आम्ही मात्र तिला “सांभाळून घे” एवढेंच सांगत होतों.

आठव्या महिन्यांत वाचा गेली. बहुतेक माणसांची वाचा मेंदूच्या डाव्या अर्धांत असते, आणि गांठहि तेथेंच होती. उजवा हात-पाय लुळा पडला. त्याला पाणी हवें असे, ओठ हलत, परंतु ‘पाणी’ हा शब्द येत नसे. आणि त्याच वेळीं, एकदां का सुरुवात लागली, कीं “सातारा, कोरेगांव, पुसेगांव, दहिवडी, गोंदवलें, म्हसवड, पंढरपूर” अशी थांब्यांची सारी माळ तो पूर्वींच्याच खणखणीत आवाजांत म्हणून दाखवी. आम्हांला वाटे वाचा परत आली. डॉक्टरांनीं सांगितलें, कीं पाठ झालेल्या गोष्टी, पाढे, गाणीं, प्रार्थना, हीं पुष्कळदां मागें उरतात. मनांतला अर्थ नव्या शब्दांत बांधणें जातें. अशा रोग्याशीं बोलतांना ओरडूं नये, तो बहिरा झालेला नसतो. एका वेळीं एकच लहान प्रश्न विचारावा, ज्याला ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढें उत्तर पुरेल, आणि हाताचा दाब किंवा डोळ्यांची उघडझांप ही खूण ठरवावी. पाणी, शौच, वेदना, कूस पालटणें यांचीं मोठीं चित्रें पुठ्ठ्यावर काढून समोर धरावीं. माझ्या भाचीनें तसा पुठ्ठा करून दिला आणि त्याचा फार उपयोग झाला.

परंतु पुठ्ठ्यावर सर्व कांहीं मावत नाहीं. नवव्या महिन्यांत तीन दिवस तो डाव्या हाताची बोटें हवेंत फिरवून कांहीं मागत होता. किल्ली फिरवावी तशी ती खूण. आम्हीं कपाटाची किल्ली आणली, गाडीची आणली, नळ दाखविला, रेडिओचा खटका दाखविला. दर वेळीं तो मान फिरवी. चौथ्या दिवशीं त्यानें खूण करणें सोडून दिलें. त्याला काय हवें होतें तें आम्हांला आजवर कळलें नाहीं.

त्यानंतर घरांत वाद माजला. पुतण्याचें म्हणणें, पुन्हां शहरांत नेऊन दुसरी शस्त्रक्रिया करूं, वेळ आलीच तर कृत्रिम श्वासाचें यंत्र लावूं. भावजयीचें म्हणणें, आतां घरींच राहूं द्या. दोघेंहि प्रेमानेंच भांडत होतीं, आणि दोघेंहि “त्यांना हेंच आवडलें असतें” असें म्हणत होतीं. ज्याला खरें ठाऊक तो मधल्या खाटेवर पडून आढ्याकडे पाहत होता. मोटारींत त्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मीं त्या दिवशीं दिलें असतें, तर हा वाद उद्भवलाच नसता.

मग रोग्याच्या तोंडावर मरण फेकावयाचें का? मुळींच नाहीं. चिठ्ठी खिशांतून काढल्यावर घरीं येऊं लागलेल्या उपशामक शुश्रूषेच्या डॉक्टरांनीं मला रीत सांगितली, ती इतकी साधी कीं मला लाज वाटली. आधीं रोग्यासच विचारावें, “तुमच्या आजाराविषयीं तुम्हांला काय ठाऊक आहे?” मग, “आणखी कितपत जाणून घ्यावेंसें वाटतें?” जो म्हणेल पुरे, त्याच्यापाशीं थांबावें आणि विचारावें, “मग आम्ही कोणाशीं बोलूं?” जो म्हणेल सांगा, त्याला थोडें सांगून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें. पुढचे प्रश्न एका बैठकींत उरकण्याचे नव्हेत, परंतु वाचा शाबूत असतांना सर्व विचारून व्हावेत: शेवटीं घरीं राहावेंसें वाटतें कीं रुग्णालयांत, गिळणें थांबलें तर नाकांतून नळी घालावी का, श्वासाचें यंत्र हवें का, कोणाला भेटावयाचें आहे, बँकेंत, भविष्यनिर्वाह निधींत वारसाचें नांव बरोबर आहे ना. सही करणारा हात लुळा पडतो, ही गोष्टहि लक्षांत ठेवावयास हवी. या इच्छेला आतां कायद्याचेंहि पाठबळ आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या मार्च महिन्यांत असा निर्णय दिला, कीं असाध्य अवस्थेंत कोणते उपचार नकोत हें शुद्धींत असलेल्या प्रौढ माणसाला आगाऊ लिहून ठेवतां येतें. आणि २०२३ च्या जानेवारींत त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो लेख करतां येतो.

मॉर्फिनविषयीं दोन शब्द अवश्य. मेंदूच्या गांठीची डोकेदुखी बहुधा सूज उतरविणाऱ्या औषधानें व साध्या वेदनाशामकांनीं आटोक्यांत येते. परंतु सर्वांची येत नाहीं, आणि तेव्हां मॉर्फिन लागतें. तें अफूपासून होतें. मंदसौर, नीमच या भागांत सरकारी परवान्यानें अफू पिकते, आपला देश ती परदेशांस विकत आला, आणि आपल्याच रोग्यांना मात्र मॉर्फिनची गोळी मिळत नसे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें इतके परवाने मागितले कीं रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडून दिलें. २०१४ सालीं कायदा सुधारला, आणि मान्यताप्राप्त संस्थांना एका परवान्यावर तें ठेवतां येऊं लागलें. ‘याची संवय लागेल’ असें मला एका सुशिक्षित गृहस्थांनीं सांगितलें. वेदनेसाठीं डॉक्टरांच्या देखरेखींत मोजून दिलेलें मॉर्फिन आणि व्यसन यांत फार अंतर आहे. संवय लागो न लागो, बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो. म्हणून त्याच्या जोडीला रेचक असलेंच पाहिजे. कुंथण्यानें डोक्यांतला दाबहि वाढतो.

शेवटच्या आठवड्यांत झोंप वाढत जाते. पुष्कळ रोग्यांना ती झोंपच पुढें घेऊन जाते, आणि घरचे ज्याला भीत असतात तसें कांहीं होत नाहीं. अन्न नकोसें होतें. येथें आपल्या मनाची मोठी कसोटी असते, कारण उपाशी ठेवणें हें आपल्याकडे पाप. परंतु तो अन्नावांचून मरत नसतो. मरणाकडे चाललेल्या शरीराला अन्न पेलवत नसतें. बळेंच भरविलेला घास फुफ्फुसांत जातो. त्याऐवजीं ओला कापूस तासातासानें ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवावा, ओठांना तूप लावावें. दर दोन तासांनीं कूस पालटावी. घशांत घरघर सुरू झाली कीं ऐकणाऱ्याला वाटतें, जीव गुदमरतो आहे. बहुधा रोग्याला त्याची जाणीव नसते. कुशीवर वळविलें, उशी थोडी उंच केली कीं ती कमी होते, आणि त्यावर औषधहि असतें. गंगाजल घालावयाचें असलें तर चमच्यानें नको. तुळशीचें पान बुडवून ओठांना लावावें. श्रद्धा तेवढ्यानें पुरी होते आणि ठसका लागत नाहीं. ऐकण्याची शक्ति कदाचित् उशिरापर्यंत राहत असेल, या समजुतीनें आम्ही त्याच्याजवळ नेहमींसारखें बोलत राहिलों. मींहि एके रात्रीं, सर्व निजल्यावर, त्याच्या मोटारींतल्या प्रश्नाचें उत्तर त्याला सांगितलें. त्यानें ऐकलें कीं नाहीं तें मला ठाऊक नाहीं.

२०१८ च्या नवरात्रांत तो घरींच गेला. पहाटे पुतण्यानें मला हाक मारली तेव्हां भावजय त्याच्या उशाशीं बसून होती, आणि श्वास थांबून कांहीं मिनिटें झालीं होतीं. यंत्रांची कल्पना पुतण्यानें दोन आठवड्यांपूर्वीं आपण होऊन सोडली होती. घरीं मृत्यु आला तर दाखला कोण देणार, हें आधीं ठरवून ठेवावें, असें त्या डॉक्टरांनीं बजावलें होतें. त्याप्रमाणें गांवच्या डॉक्टरांशीं बोलणें झालेलें होतें आणि कागदपत्रें एका पिशवींत तयार होतीं. ते साडेसातला आले, तपासून त्यांनीं दाखला लिहिला, आणि आम्हांला कोठें धांवपळ करावी लागली नाहीं.